शुक्रवारचा पाचवा तास

गुरुवार, दि. १६

पर्यवेक्षकांच्या अहवालातील पहिलेच विधान चुकीचे आहे. ‘शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दुसरे सत्र शुक्रवार, दि. १० रोजी पार पडले’ असे त्यांनी लिहिले आहे. ते शनिवारी, दि. ११ रोजी पार पडले. वेळापत्रक मी स्वतः आखले, मुद्रिते स्वतः तपासली आणि छापील प्रत या क्षणी माझ्यासमोर आहे — चार सत्रे, चार शनिवार. ज्याला वार आणि तारीख यांची सांगड घालता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या वर्तनावर अहवाल लिहावा!

जुनी वही रविवारी संपली. मधले तीन दिवस वहीवाचून गेले. रविवारी दाढ काढल्यापासून डावा जबडा ठणकतो आहे, तेव्हा लिहिण्यासारखे फारसे काही नव्हतेही. नव्या वहीची सुरुवात इतक्या कडू विषयाने व्हायला नको होती. परंतु विषय निवडणे आपल्या हाती नसते.

अहवाल सूनबाईविरुद्ध आहे.

वस्तुस्थिती क्रमाने लिहून ठेवतो. पुढेमागे उपयोगी पडेल. मतदान तीन आठवड्यांवर आले आहे. वर्गात मुले राजकारणाचे प्रश्न विचारतात आणि शिक्षक घाबरून फळ्याकडे वळतात. म्हणून शाळेने मला — अठरा वर्षे ज्या शाळेचा मी मुख्याध्यापक होतो तिने — शिक्षकांना मार्गदर्शन करण्याची विनंती केली. सहा शिक्षक येतात. त्यांतच सूनबाई, ती नववीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते.

मी त्यांना ‘दोन बाजूंचा पाठ’ दिला. पद्धत सोपी आहे. पहिल्या दिवशी शिक्षकाने एका पक्षाची बाजू अशी मांडावी की जणू तो स्वतःच उमेदवार आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची, तितक्याच तडफेने. तिसऱ्या दिवशी मुलांनी दोन्हींतील भोके शोधावीत. शिक्षकाचे स्वतःचे मत कोणते, हे शेवटपर्यंत कोणालाही ओळखता येऊ नये. यंदा एक पक्ष नदीवर पूल बांधू म्हणतो, दुसरा घरोघरच्या नळाला पाणी आणू म्हणतो. मुलांनी त्यांची नावे ठेवली आहेत — पुलवाले आणि नळवाले.

सूनबाईने गुरुवारी, दि. ९ रोजी पुलवाल्यांची बाजू मांडली. अहवाल म्हणतो : (अ) नळवाल्यांची बाजू तिने मांडलीच नाही, (ब) शुक्रवारी पाचव्या तासाला ती वर्गावर नव्हती, (क) एका पालकाची तक्रार आली आहे. समिती मंगळवारी, दि. २१ रोजी बसणार. लेखी ताकीद मिळाली, तर या महिन्यात तिची नेमणूक कायम होणार होती, ती होणार नाही. आणखी एक वर्ष टांगणीला, आणि ‘वर्गात प्रचार केला’ हा शेरा जन्मभरासाठी.

हे आपोआप घडलेले नाही. कोणीतरी घडवून आणलेले आहे. कोणी, ते मी शोधून काढीन.

शुक्रवार, दि. १७

सकाळी सूनबाईची टाचणवही मागून घेतली. आठवड्यात कोणत्या तासाला काय शिकवणार, ते शिक्षक या वहीत लिहितात. शुक्रवार, पाचवा तास — ‘नळवाल्यांची बाजू’. स्वच्छ अक्षरात, खाली मुख्याध्यापकांची सही! मी म्हणालो, “हा घे पुरावा. समितीपुढे ठेव, म्हणजे अहवाल तिथल्या तिथे फाटला.”

ती हसली नाही. “बाबा, टाचण आम्ही आदल्या आठवड्यातच लिहून ठेवतो. तो बेत असतो. तास झाला असा त्याचा अर्थ होत नाही.”

“म्हणजे तास झाला नाही?”

“नाही झाला.”

“मग शुक्रवारी पाचव्या तासाला तू होतीस कुठे?”

“शाळेतच होते.”

“शाळेत कुठे?”

“बाबा, चहा निवतोय तुमचा.”

हे उत्तर नव्हे. सरळ प्रश्नाला चहाचे उत्तर देणारे लोक मी चाळीस वर्षे पाहिले आहेत. ते बहुधा सहामाहीत नापास झालेले असत. मी तसे म्हणालोही. त्यावर सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “अहो, उलटतपासणी संपली असेल तर रिकामा कप इकडे द्या. आरोपीला शाळेत जायचंय.”

दुपारी स्वतः शाळेत गेलो. पर्यवेक्षक उठून उभा राहिला. (एकवचन मुद्दाम लिहितो. तो माझा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा, अबोल, परंतु कधी खोटे न बोललेला.) म्हणालो, “तुझ्या अहवालात तारीख चुकली आहे. दुसरे सत्र शनिवारचे.”

त्याने पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. “सर, ते राहू द्या ना. तेवढ्याने काय फरक पडतो?”

“तारखेने फरक पडत नाही, असे तुला मी शिकवले?”

“नाही सर.” मग टोपण घट्ट लावून, “सर, मी जेवढं लिहिलंय तेवढं खरं आहे.”

‘जेवढं’! म्हणजे न लिहिलेलेही काही आहे. काय आहे? कोणासाठी झाकले आहे? निघताना तो माझ्यामागून पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आला. इतका आदर निष्पाप माणसाला सुचत नाही.

शनिवार, दि. १८

तिसरे सत्र. विषय : ‘तुम्ही कोणाला मत देणार?’ असे मुलांनी विचारल्यास शिक्षकाने काय उत्तर द्यावे.

गणिताच्या बाई म्हणाल्या, “मी सांगते, मतदान गुप्त असतं. विषय संपला.”

कवायतीचे मास्तर — गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून शाळाभर नावही ‘शिट्टी’च — म्हणाले, “मी सांगतो, जो मैदानात दिवे लावील त्याला! तर पोरं विचारतात, मास्तर, आधी मैदान कुठाय ते सांगा.”

सगळे हसले. सूनबाई मात्र विचार करून बोलली. “विषय संपवला की मुलं आपलं मत ओळखायच्या मागे लागतात. चेहरा बघतात, कपड्यांचे रंग बघतात. त्यापेक्षा सरळ सांगावं : मला मत आहे. मी ते घरी ठेवून येते, कारण वर्गात माझा आवाज सगळ्यांत मोठा आहे. तुमचा आवाज ऐकू यायचा असेल, तर माझा थोडा कमी हवा.”

उत्तम उत्तर. आठ महिने डोके खाजवले असते तरी मला सुचले नसते. मी फक्त ‘वाक्ये आटोपशीर हवीत’ एवढेच म्हणालो. का, ते ठाऊक नाही. मन थाऱ्यावर नव्हते.

गणिताच्या बाईंनी खरा प्रश्न विचारला : “पण सर, पहिल्या दिवशी एवढ्या जोरात एकच बाजू मांडायची, आणि त्या दिवशी नेमका एखादा मुलगा गैरहजर असेल, किंवा दुसऱ्याच दिवशी काही अडचण आली, तर?” मी त्यांना आठवण दिली की याचे उत्तर मागच्या सत्रात सविस्तर दिले आहे, आणि वहीत दोन रेघा मारून लिहून घ्यायला सांगितले आहे : दोन बाजूंच्या मध्ये सुट्टी येऊ देऊ नये. एकच बाजू घेऊन मूल घरी बसले की ती बाजू मुरते. मुरलेले मत तिसऱ्या दिवशी खणून निघत नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, “हो सर, लिहिलंय,” आणि मान खाली घातली. चुकीच्या उत्तरावर घालतात तशी. मी तर काही विचारलेही नव्हते!

शेवटी मी उघडच विचारले. “वर्गातली गोष्ट बाहेर कोणी नेली?” सगळ्यांनी वह्या आवरायला घेतल्या. “बरे, हे तरी सांगा — दुसरे सत्र कोणत्या वारी झाले?”

सहा माणसे, आणि सहाही एकाच वेळी गप्प! गणिताच्या बाईंना पर्समध्ये एकदम काहीतरी शोधावेसे वाटले. शिट्टी छताकडे पाहू लागले. मग म्हणाले, “सर म्हणतात म्हणजे शनिवारच असणार. सरांच्या वेळापत्रकाबाहेर सूर्यसुद्धा उगवत नाही.” सूनबाईने त्यांच्याकडे असे पाहिले की ते एकदम शिट्टी पुसू लागले.

सहा जण एकाच क्षणी गप्प होतात, ते योगायोगाने नव्हे. ठरवून होतात. शिट्टींचा धाकटा भाऊ नळवाल्यांच्या कार्यालयात बसतो, हेही आज कळले. नोंद करून ठेवतो.

रविवार, दि. १९

जुनी वही नाहीशी झाली आहे.

दि. १० आणि ११ च्या नोंदी पाहून पर्यवेक्षकाच्या अहवालावर एकदाचे उत्तर लिहावे, म्हणून टेबलाचा खण उघडला. वही नाही. खालच्या खणात नाही. शब्दकोशांच्या मागे नाही. माझ्या वह्या जागा सोडत नाहीत. त्यांना सोडवावे लागते.

घरात मी धरून तीन माणसे. मुलगा नोकरीच्या गावी, तो महिन्यातून एकदा येतो. सौभाग्यवतींना विचारले. त्या म्हणाल्या, “तुमच्या वहीत असं काय आहे की कोणी चोरावी? मी रागावले त्याच्या तारखा?” सूनबाईला विचारले. तिने माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, “सापडेल, बाबा.”

‘सापडेल’ असे तोच म्हणतो, ज्याला कुठे आहे ते माहीत असते.

हे वाक्य लिहिले आणि हात थांबला. गेले चार दिवस मी संशयाने सारी शाळा पालथी घालतो आहे. घराचा उंबरा कसा राहिला?

सोमवार, दि. २०

सकाळी कचेरीत लिपिकाकडे गेलो. मूळ तक्रार दाखवा म्हणालो. तो म्हणे, “सर, तक्रार अशी नाही. पालकाची चिठ्ठी आहे.” मग तक्रार नोंदवहीत कशी आली? “सर, पालकाचा कुठलाही कागद आला की तक्रार नोंदवहीतच चढतो. दुसरी नोंदवहीच नाही. तुमच्याच काळापासूनची पद्धत आहे सर. परवा एकांनी लेकीच्या वाढदिवसाचे पेढे पाठवले, सोबतची चिठ्ठीही तिथेच चढवली. तक्रार क्रमांक एकतीस.”

चिठ्ठी समितीच्या पाकिटात बंद होती. नाव मात्र मिळाले : बाजारातला शिंपी. त्याची मुलगी नववीत आहे.

सरळ दुकानात गेलो. तो पायमशीनवर वाकला होता. मी म्हणालो, “माझ्या सुनेविरुद्ध तक्रार करण्याचे तुला काय कारण?” त्याने पाय थांबवला. “तक्रार? मी कशाला बाईंची तक्रार करू, सर? मी विचारलंय फक्त.”

“काय विचारलेस?”

“आमची बाजू कधी, एवढंच.” टेप गळ्यात टाकून तो खुर्ची पुसायला लागला. “अहो सर, मी नळवाला. बायको रोज दोन गल्ल्या पलीकडून पाणी आणते, मी दुसरं कोण असणार? त्या गुरुवारी पोरगी घरी आली ती पुलाचं गाणंच घेऊन. पूल झाला की असं होईल, पूल झाला की तसं होईल. बाईंनी काय सांगितलं असेल ते देव जाणे, पण मलासुद्धा क्षणभर वाटलं, च्यायला, पूल पाहिजेच! मी भांडायला लागलो, तर पोरगी म्हणते, थांबा हो बाबा, उद्या बाई तुमची बाजू सांगणार आहेत, मग बोलू. मी आपला शुक्रवारी दुकान लवकर बंद करून घरी. पोरगी आली, म्हणते बाई तासालाच आल्या नाहीत. मग शनिवार-रविवार, मग म्हणे सोमवारपासून तीन दिवस चाचणी. घरात रोज भांडण आणि माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नाही! म्हणून लिहिलं. बाईंना राग आला का?”

मी त्याला नाही म्हणालो. दुसरे काय म्हणणार? हा माणूस शत्रू नाही. शिट्टीही नाहीत, त्यांचा भाऊही नाही. ज्या सूत्रधाराच्या मागावर मी होतो, तो अस्तित्वातच नाही. उरला तो एकच प्रश्न, आणि तो पहिल्या दिवसापासून माझ्या घरात राहतो : शुक्रवारी पाचव्या तासाला सूनबाई कुठे होती?

परतीच्या वाटेवर एक जुने बोलणे आठवले. पूल झाला तर शाळेचा रस्ता अर्ध्या तासाने कमी होईल, असे ती एकदा मुलाला फोनवर सांगत होती. म्हणजे ती स्वतः पुलवाली! आपली बाजू मांडली, दुसरीच्या दिवशी तास चुकवला, आणि माझ्या हाती पुरावा पडू नये म्हणून माझी वही लपवली. सगळे जुळते. असे जुळावे असे मला वाटत नव्हते, हे येथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी ती शाळेतून आली. मी उभ्याउभ्याच विचारले.

“राहून गेलं माझ्याकडून, बाबा. उद्या समितीला हेच सांगणार आहे.”

“कारण?”

“कारण काही नाही. राहून गेलं.”

“मग मीही उद्या समितीला सांगणार. पाठ माझा आहे. तो अर्धा सोडणे म्हणजे प्रचारच, आणि कारण लपवणाऱ्या शिक्षकाची हमी मी घेणार नाही. मग ती घरातली का असेना.”

तिच्या हातात अजून वह्यांचा गठ्ठा होता. तो तिने हळूच खाली ठेवला. वाटले, आता बोलेल. ती म्हणाली, “चालेल, बाबा. फक्त चौथं सत्र सोडू नका. सगळे वाट बघतात त्याची.” आणि आत गेली.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ठाऊक नाही. त्यांना रागावलेले मी पुष्कळदा पाहिले आहे; असे कधी नाही.

“दोन वर्षं त्या खुर्चीत बनियनवर बसून वर्तमानपत्रातल्या चुका लाल करत होता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “या महिन्यात सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट मागता. मला दिसतं, तिला दिसतं, त्या शाळेतल्या सगळ्यांना दिसतं. फक्त तुम्हाला दिसत नाही.”

“याचा वादाशी काय संबंध?”

त्या कपाटाकडे वळल्या. चादरींच्या कपाटात, सर्वांत खालच्या घडीखाली हात घातला आणि माझी वही काढून टेबलावर ठेवली.

“तिनं मला शपथ घातली होती. मोडली. आधी हे वाचा, मग उद्या काय ते खरं बोला.”

वाचतो आहे.

मंगळवार, दि. २१

दुरुस्त तारखा. दि. ११ पर्यंतच्या सर्व माझ्याच हस्ताक्षरातील नोंदींवरून.

शनिवार, दि. ४ — पहिले सत्र. याबद्दल वाद नाही.

गुरुवार, दि. ९ — सूनबाईने नववीला पुलवाल्यांची बाजू मांडली. त्याच संध्याकाळी मी शाळेत निरोप धाडला : शनिवारी दाढ काढावयाची आहे, सबब दुसरे सत्र उद्याच, पाचव्या तासाला, सहाही शिक्षकांनी वर्ग सोडून यावे. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, उद्या त्याच तासाला माझी दुसरी बाजू आहे.’ माझे उत्तर नोंदीत आहे : ‘एका दिवसाने काय बिघडते?’

शुक्रवार, दि. १०, पाचवा तास — सूनबाई सभागृहात, पहिल्या बाकावर, वही उघडून. मी बोलत होतो. विषय : दोन बाजूंच्या मध्ये सुट्टी येऊ देऊ नये.

शनिवार, दि. ११ — सत्र नाही. दाढ काढली. (या वहीत मी रविवार लिहिले आहे. दवाखाना रविवारी बंद असतो.)

सोमवार, दि. १३ — शिंप्याची चिठ्ठी. तक्रार नव्हे, प्रश्न.

गुरुवार, दि. १६ — जुनी वही खणातून गेली. अहवाल घरी आला त्याच दिवशी. मला पत्ता लागला रविवारी, दि. १९ रोजी. पर्यवेक्षकाच्या अहवालातील तारीख बरोबर आहे.

मंगळवार, दि. २१ — समिती, दुपारी चार वाजता. ही यादी मी उभा राहून वाचीन. सूनबाईला अद्याप सांगितलेले नाही. ती नको म्हणेल.